भोगवटा : मालक स्वतः

घरपट्टीचं बिल दरवर्षी येतं आणि दरवर्षी मी ते न वाचता भरून टाकतो. वाचण्यासारखं त्यात असतं तरी काय? सगळ्यात खालचा आकडा बघायचा, पालिकेला मनातल्या मनात चार शब्द सुनवायचे आणि मोकळं व्हायचं. यंदा मात्र लिफाफा फोडला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आकडा फुगला होता, पण त्याचं मला काही वाटलं नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ छापली होती : 'मालक मिळकतीत राहत नसल्याने निवासी सवलत रद्द.' मी उभ्या उभ्या ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि खुर्चीत बसलो.

मालक म्हणजे माझी बायको. घर पहिल्यापासून तिच्या नावावर आहे. माझं चष्म्यांचं दुकान होतं. आज गिऱ्हाईक आहे, उद्या माशा मारत बसायचं, अशा धंद्यावर घराचं कर्ज कोण देणार? ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. पगार पक्का, नोकरी पक्की. कर्ज तिला मिळालं, घर तिच्या नावावर झालं आणि त्या दिवसापासून मी तिला मालकीणबाई म्हणायला लागलो. तीही काही कमी नव्हती. मी ओला टॉवेल खुर्चीवर टाकला की म्हणायची, "भाडेकरू, नीट राहायचं असेल तर राहा." पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायची. एका पाहुण्याला ते खरंच वाटलं आणि तो मला कोपऱ्यात घेऊन विचारायला लागला, की बाई आणखी एखादी खोली भाड्यानं देतील का.

आता ती घरात नाही. गेल्या हिवाळ्यापासून ती गावाबाहेरच्या एका केंद्रात आहे. विसरणाऱ्या माणसांना तिथे सांभाळतात. आधी ती फोन नंबर विसरली, मग गॅस बंद करायला विसरायला लागली, मग एके सकाळी मी चहा घेऊन खोलीत गेलो तर तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि किंचाळली. परका माणूस आत शिरला म्हणून किंचाळली. त्यानंतरही मी बरेच महिने रेटलं. मग एकदा ती दार उघडून बाहेर पडली. सापडली तेव्हा पायात चप्पल नव्हती आणि तळवे सोलून निघाले होते. मुलगी आली, डॉक्टर बोलले, मी मान हलवली. केंद्रानं कागद मागितले ते मुलीनं भरले, पेन्शनचा पत्ता बदलला. पालिकेला हे कुठून कळलं देव जाणे, पण कळलं.

लोकांना मी सांगत होतो, तिला थोडे दिवस तिकडे ठेवलंय. स्वतःलाही तेच सांगत होतो आणि माझा त्यावर विश्वासही होता. माणूस दवाखान्यात पडला म्हणून त्याचं घर बदलतं का? ती झोपते तिकडे, राहते इथेच, असा माझा हिशोब होता. आणि इथे कुठल्या तरी यंत्रानं परस्पर ठरवून टाकलं होतं की ती या घरातली नाही, वर ते छापून मलाच पाठवलं होतं. मला ती ओळ पुसून हवी होती. बाकी काही नको होतं.

पालिकेत कर विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट पहिल्यापर्यंतच जाते. उरलेला जिना चढताना मी भांडणाची सगळी वाक्यं पाठ केली. खिडकीत बसलेल्या कारकुनाला सडकून सर्दी झाली होती. टेबलावर रुमालांचा ढीग, नाक लाल. इतक्या आजारी माणसाशी भांडायचं तरी कसं? माझी अर्धी वाक्यं तिथेच वाया गेली.

"काका, जरा लांब बसा, तुम्हालाही सर्दी होईल," तो म्हणाला. "मालमत्ता क्रमांक सांगा."

"तो कुठे असतो?"

"बिलाच्या डोक्यावर, उजवीकडे. इतकी वर्षं भरताय आणि क्रमांक माहीत नाही?"

"आमच्याकडे लक्षात ठेवायचं खातं मालकीणबाईंकडे होतं," मी म्हटलं. तो हसला नाही. त्याला हसण्याआधी शिंक आली.

क्रमांक घातल्यावर त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. इतक्या वर्षांचं आमचं घर एका पानावर मावलं होतं. वर तिचं पूर्ण नाव. खाली बांधकामाचं वर्ष, भिंतींच्या आतलं मोजमाप, खोल्या, वापर निवासी. मागची गॅलरी आम्ही काचा लावून बंद केली होती, तीसुद्धा वेगळ्या ओळीत होती. ती गॅलरी तिनं स्वतः कळवली होती, कुणी विचारायला आलेलं नसताना. मी डोकं धरून बसलो होतो, म्हटलं, अगं बाई, कशाला आपण होऊन गळ्यात धोंडा बांधून घेतेस? तर म्हणाली, "आहे ते आहे. लिहिलेलं बरं." मी दोन दिवस गाल फुगवून होतो.

"हे सगळं बरोबर आहे ना?" कारकुनानं विचारलं.

"बरोबर आहे."

"मग भोगवटा बघा. सगळ्यात खाली. भोगवटा म्हणजे प्रत्यक्षात कोण राहतं. मालक स्वतः राहत असला तर सवलत. मागच्या वर्षीपर्यंत 'मालक स्वतः' होतं. आता 'अन्य' झालंय."

"अन्य म्हणजे कोण?"

"म्हणजे तुम्ही."

"मी तिचा नवरा आहे."

"असाल ना. पण मालक नाही. मालक सोडून जो कुणी राहतो तो अन्य. भाडेकरू, भाऊ, रखवालदार, सगळे त्यातच."

आयुष्यभर बायकोच्या तोंडून भाडेकरू ऐकलं तेव्हा कधी लागलं नाही. या शिंकणाऱ्या माणसानं ते इतक्या सहज म्हटलं आणि लागलं. ती केंद्रात आहे, सगळं विसरते, एवढं मी सांगितलं, तेव्हा त्यालाच वाईट वाटलं असावं. त्यानं आवाज खाली आणला.

"काका, सोपा मार्ग सांगू? घर तुमच्या नावावर करून घ्या. तुम्ही तिथे राहताच. मग भोगवटा मालक स्वतः, सवलत चालू, कटकट संपली. बाईंचं नाव काढायला डॉक्टरांचा दाखला लागेल, मग तेवढा कोर्टाचा हुकूम..."

"ती जिवंत आहे!" मी ओरडलो.

रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारकुनानं शांतपणे नाक पुसलं. रोज कुणी ना कुणी त्याच्या अंगावर ओरडत असणार, त्याला सवय होती.

"मग हरकत घ्या," तो म्हणाला आणि एक अर्ज पुढे सरकवला. "तपासनीस घरी येतील. बाईंनी त्या वेळी घरी हजर राहायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी इथे राहते. तो जबाब लिहून घेतात, सही घेतात आणि नोंद परत फिरते. दुसऱ्या कुणी सांगून चालत नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही. एवढंच."

एवढंच, असं तो म्हणाला. मीही तेच म्हणत जिना उतरलो. एवढंच तर करायचंय. तिला एक दिवस घरी आणायचं, तिनं एक वाक्य बोलायचं. आणि घरी आल्यावर तिला आठवणार नाही असं कशावरून? केंद्रातल्या त्या पांढऱ्या खोलीत कुणालाही काहीही आठवणार नाही. तिथे मलाच मी कोण ते आठवत नाही. घरात तिची खुर्ची आहे, तिनं लावलेले खिळे आहेत, स्वयंपाकघरात तिच्या उंचीच्या फळ्या आहेत. मी चष्मेवाला. एक काच चालली नाही की दुसरी घालून बघायची, हेच मी जन्मभर केलं. आता दिसतंय का? आता? असं विचारत राहिलं की कुठल्या तरी काचेला माणूस 'हो' म्हणतो.

मुलीला फोनवर सगळं सांगितलं.

"बाबा, पैशांची अडचण आहे का? मी भरते ना बिल."

"पैशांचा विषय नाहीये."

"मग कशाचा आहे?"

"तुझी आई इथे राहत नाही असं लिहिलंय त्यांनी."

"नाहीच राहत ती आता."

"तू पण तेच बोल."

"बाबा, तिला ओढू नका हो इकडे तिकडे. मागच्या वेळी नुसतं दवाखान्यात नेलं तर किती घाबरली होती. आणि तिला होईल तो होईल, तुम्हालाही त्रास होईल. तुम्हाला झेपणार नाही."

"मला काय झेपतं ते मी बघीन," असं म्हणून मी फोन ठेवला. रागाच्या भरात ठेवला आणि मग बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहिलो. पोरगी खरं बोलते आणि वर मऊ आवाजात बोलते, हीच तिच्यात मोठी खोड आहे. खरं बोलायची खोड आईची आहे.

तपासणीचा दिवस कळला तसा मी कामाला लागलो. घर असं धुऊन काढलं की मलाच ओळखू येईना. तिचे कपडे पेटीतून काढून कपाटात परत लावले. दारात तिची चप्पल ठेवली, न्हाणीघरात तिचा ब्रश ठेवला, उशाशी चष्मा. पडदे धुतले, वाळवले, स्टुलावर चढून लावले, आणि या वयात स्टुलावर चढल्याबद्दल मी मला स्वतःलाच ओरडलो, कारण ओरडायला दुसरं कुणी नव्हतं. तपासनिसाला पुरावा हवा ना, म्हणून हे सगळं चाललंय असं मी म्हणत होतो. खरं सांगायचं तर तो पुरावा मी तिच्यासाठी मांडत होतो. तिनं आत यावं, चप्पल बघावी आणि म्हणावं, अगंबाई, ही इथे होय! मी त्या एका वाक्यासाठी दिवसभर फरशी घासली.

केंद्रात पोचलो तेव्हा तिथल्या ताई तिचे केस विंचरत होत्या. ती आरशात बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. तिनं निळा स्वेटर घातला होता. मला ती फार सुंदर दिसली, आणि हे असं कुणाला सांगायचीही सोय राहिलेली नाही.

"बघा कोण आलंय तुम्हाला न्यायला," ताई म्हणाल्या.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि चेहरा उजळला.

"अरे वा, ऑफिसनं गाडी पाठवली वाटतं," ती म्हणाली. "थांबा हं, पर्स घेते."

म्हणजे मी ड्रायव्हर होतो. चालेल, म्हटलं. किंचाळण्यापेक्षा ड्रायव्हर बरा. टॅक्सीत मी तिच्या शेजारी बसलो, खरा ड्रायव्हर पुढे, आणि ड्रायव्हर मागे का बसलाय असा प्रश्न तिला पडला नाही. ती बाहेर बघत होती. गाव लागलं, बाजार गेला, पूल गेला. आणि दवाखान्याच्या चौकात ती एकदम पुढे वाकली आणि म्हणाली, "आता डावीकडे घ्या. शाळेच्या भिंतीवरून सरळ, मग दुसरी गल्ली."

आमचाच रस्ता. अगदी बरोबर, एक वळण इकडचं तिकडे नाही. टॅक्सीवाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. दुसऱ्या गल्लीत वळलो तेव्हा ती म्हणाली, "ते हिरवं फाटक. हळू, तिथे खड्डा आहे." खड्डा खरंच आहे, पालिका तो बुजवत नाही. मी तोंड दुसरीकडे वळवलं आणि डोळे पुसले. मला वाटलं, मुलीला आत्ताच्या आत्ता फोन करावा आणि म्हणावं, ऐक, ऐक ही काय म्हणतेय. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. मनातल्या मनात मी केंद्राची खोली रिकामीसुद्धा करून टाकली होती.

फाटक तिनंच उघडलं. कडी वर उचलून मग ओढावी लागते, तशीच उचलून ओढली. पायऱ्या चढली, दारापाशी आली आणि बेल वाजवली.

माझ्या हातात किल्ली होती. ती बेल वाजवून एक पाऊल मागे सरकली, केस नीट केले आणि दार उघडायची वाट बघत उभी राहिली. कुणाच्या घरी गेल्यावर आपण उभे राहतो तशी. आत कुणी नव्हतं, त्यामुळे दार कोण उघडणार? थोड्या वेळानं ती मला म्हणाली, "घरात कुणी दिसत नाही."

"उघडतो मी," मी म्हटलं.

दार उघडलं तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "येऊ का आत?" तिनं विचारलं. मी 'ये ना' म्हणालो, आणि मग घाईघाईनं 'या ना' म्हणालो. तिनं पायपुसण्यावर पाय पुसले. तिची चप्पल तिथेच होती, ती ओलांडून ती आत आली. आपल्या खुर्चीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. दाराजवळच्या खुर्चीच्या कडेला टेकली आणि पर्स मांडीवर घेतली. पाहुण्यांची खुर्ची ती. इतक्या वर्षांत मी तिला त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं.

"पाणी आणू?" मी विचारलं.

"नको हो, कशाला त्रास," ती म्हणाली.

तपासनीस वेळेवर आल्या. आमच्या मुलीपेक्षा वयानं लहान, खांद्यावर पिशवी, हातात मोजमापाची फीत. आधी त्यांनी खोल्या पाहिल्या, नोंदीशी ताडून घेतल्या, गॅलरीच्या काचा पाहिल्या. न्हाणीघरातला ब्रश पाहिला, कपाट पाहिलं. मी मागे मागे फिरत होतो आणि विचारलं नसताना दाखवत होतो, हा तिचा चष्मा, हे तिचे कपडे. त्या 'हो काका, हो काका' म्हणत होत्या. मग त्या तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि कागद काढला.

"काका, आता तुम्ही मध्ये बोलायचं नाही हं. त्या सांगतील तेवढंच मी लिहिणार. नियमच आहे तसा."

ती बसली होती त्या खुर्चीच्या मागे, जरा बाजूला, मी जाऊन उभा राहिलो.

"तुमचं नाव सांगता?"

तिनं नाव सांगितलं. माहेरचं. बाईंनी नोंदीकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

"तुम्ही कुठे राहता?"

"घरी," ती म्हणाली.

मी श्वास सोडला. बाईही सैलावल्या. त्यांना आत्तापर्यंत सगळं समजलेलं होतं, न समजायला त्या काही लहान नव्हत्या. नियम असूनसुद्धा त्यांनी जरा मदत करायला बघितली.

"म्हणजे इथेच ना? याच घरात?"

तिनं मान वर करून घर बघितलं. भिंती, कपाट, दिवा, सगळं सावकाश बघितलं, मन लावून. मी देवाला मानत नाही, पण त्या वेळी जो कुणी ऐकत असेल त्याच्या मी पाया पडलो. मग ती हसली आणि पुढे झुकून तपासनीस बाईंच्या कानाशी बोलावं तशी बोलली. पण तिचा आवाज पहिल्यापासून खणखणीत, एक्स्चेंजमध्ये तयार झालेला. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"नाही हो. हे त्या गृहस्थांचं घर. एकटेच राहतात बहुतेक. पडदे बघा ना, उलटे लावलेत. घरात बाई असती तर असे राहिले असते का?"

मी पडद्यांकडे बघितलं. उलटेच होते. फुलं खिडकीच्या बाजूला आणि शिवणी आत.

"चांगले आहेत हो स्वभावानं," ती सांगत होती. "घर किती स्वच्छ ठेवलंय. पण अशा माणसाच्या घरी कुणीतरी असायला हवं." मग तिनं हातातल्या नसलेल्या घड्याळाकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "अहो, मला निघायला हवं. आमचे हे वाट बघत असतील. मी गेल्याशिवाय ते जेवत नाहीत. कितीदा सांगितलं, माझी ड्यूटी लांबली की तुम्ही जेवून घेत जा, पण ऐकतील तर शपथ. दुकानातून येऊन तसेच उपाशी बसतात."

हे खरं होतं. मी बसायचो. तिची ड्यूटी कितीही उशिरा संपो, मी झाकलेल्या ताटांसमोर पेपर वाचत बसायचो आणि ती आली की मला रागवायची. ते तिला आठवत होतं. मी तिच्यामागे हातभर अंतरावर उभा होतो आणि माझ्या भुकेची काळजी तिला खात होती.

तपासनीस बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "मी कुठे राहता विचारलं तेव्हा त्या 'घरी' म्हणाल्या. पहिलं उत्तर तेच होतं. मी तेवढंच लिहिते. खोटं होत नाही त्यात काही. नोंद परत 'मालक स्वतः' होईल."

मला जे हवं होतं ते त्या देत होत्या. मी फक्त गप्प राहायचं होतं. पण माझी नजर तिच्यावर गेली. ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती आणि दाराकडे बघत होती. तिचा जीव वर-खाली होत होता. तिला तिच्या घरी जायचं होतं. आणि एका छापील ओळीसाठी मी तिला एका परक्या माणसाच्या घरात, पाहुण्यांच्या खुर्चीत अडकवून ठेवलं होतं. मला माझी लाज वाटली, राग आला, आणि तिची फार दया आली.

"नको," मी म्हटलं. "राहत नाहीत, असं लिहा."

"नक्की?"

"आहे ते लिहा. भोगवटा अन्य."

"शेऱ्यात नातं लिहिते. पती, असं."

"राहू द्या," मी म्हटलं. तिच्यासमोर ते मोठ्यानं बोलायला नको होतं. उगाच घाबरली असती.

बाईंनी लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. कशाची सही, हे तिनं विचारलं नाही. पेन हातात घेतलं आणि तिच्या त्या वळणदार अक्षरात सही ठोकली. तोंडानं माहेरचं नाव सांगितलं होतं, पण हातानं लिहिलं ते लग्नानंतरचं, माझं आडनाव असलेलं. नोंदीत होतं अगदी तसंच. आपण या घरात राहत नाही, एवढं त्या सहीनं पक्कं झालं.

बाई गेल्या. जाताना त्यांनी माझ्या दंडाला नुसता हात लावला.

"तुम्ही सोडाल का मला?" तिनं विचारलं. "बसला फार गर्दी असेल आता."

"सोडतो की. चला."

परतीच्या वाटेवर तिनं रस्ता सांगितला नाही. सारखी विचारत होती, उशीर झाला का, फार उशीर झाला का. मी सांगत होतो, नाही, आपण वेळेत आहोत. एकदा तिनं माझ्या हातावर हात ठेवला, सहज, शेजारी बसलेल्या भल्या माणसाचे आभार मानायला ठेवावा तसा. मी हात हलवला नाही. केंद्राचं फाटक येईपर्यंत अजिबात हलवला नाही.

ताई दारात उभ्याच होत्या. त्यांना बघून तिचा जीव भांड्यात पडला. उतरून दोन पावलं गेली आणि परत वळली.

"तुम्ही किती केलंत माझ्यासाठी," ती म्हणाली. "आत या ना. आमच्या ह्यांना भेटून जा. त्यांना फार बरं वाटेल. आणि आमच्याकडेच जेवा आज, एकटे कुठे जेवत बसणार?"

ताईंनी मान खाली घातली.

"आज नको," मी म्हटलं. "येईन पुन्हा कधीतरी."

"नक्की या हं. कोण आलं होतं म्हणून सांगू त्यांना?"

ती वाट बघत उभी होती, हसऱ्या चेहऱ्यानं, माझं ऐकायला जरा पुढे झुकून.

"ओळखतात ते मला," मी म्हटलं. "तुम्ही जा. थांबले असतील."

"हो, थांबलेच असतील," ती म्हणाली आणि भराभर पायऱ्या चढून आत गेली.